मुलगी सॅक्रामेंटोला 'लेजिस्लेटिव्ह एड' आहे. दिवसभर नक्की काय काम करते?

मुळामुठा
नमस्कार. माझी धाकटी मुलगी जानेवारीपासून कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, असेंब्लीतल्या (म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहातल्या) एका सदस्याच्या ऑफिसात लेजिस्लेटिव्ह एड आहे. तिथेच राज्यशास्त्र शिकली. आम्ही दोघं पुण्यात. मोठा मुलगा आयटीत आहे म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. हिचं सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "म्हणजे आमदाराची पीए का?" आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला आवडत नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तो रडतच. "आई, आज सस्पेन्स होतं. आमचं बिल गेलं." मी तिला धीर दिला, पण कशाबद्दल धीर देतेय ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्या वेळी विचारणंही बरं दिसलं नसतं. इथे कुणी असं काम केलंय का? सकाळपासून रात्रीपर्यंत काय असतं, ते मला साध्या शब्दांत समजून घ्यायचंय.

पर्वरीकर
वाचतोय. आमच्या गोव्यात सभागृह ४० जणांचं, अधिवेशन लागलं की सगळ्या खात्यांत एकच शब्द ऐकू येतो, एलएक्यू, म्हणजे विधानसभेतला प्रश्न. आमदाराने प्रश्न विचारला की उत्तर तयार करणाऱ्या कारकुनाची झोप उडते. मी त्या कारकुनांपैकी. प्रश्न लिहून देणाऱ्याची बाजू ऐकायला आवडेल.

डेल्टावारा
मुळामुठाताई, मी चार वर्षं सॅक्रामेंटोत हेच काम केलं. आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. आधी सस्पेन्सचं सांगते, कारण तुमची मुलगी का रडली ते त्याशिवाय कळणार नाही.

विधेयक आधी विषयाच्या समितीत जातं, म्हणजे आरोग्य, शिक्षण, वाहतूक जे असेल ते. तिथे पास झालं आणि त्याला सरकारचा पैसा लागणार असेल, तर ते अप्रोप्रिएशन्स या खर्चाच्या समितीकडे येतं. असेंब्लीत दीड लाख डॉलर किंवा त्याहून जास्त खर्चाचं विधेयक तिथे लगेच मताला टाकत नाहीत. ते 'सस्पेन्स फाइल'मध्ये ठेवतात. वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टमध्ये, ही सगळी फाइल एका बैठकीत निकाली काढतात. शेकडो विधेयकं असतात. अध्यक्ष क्रमांक वाचतात आणि पुढे दोन-तीन शब्द. 'डू पास' म्हणजे पुढे गेलं. 'हेल्ड' म्हणजे तिथेच थांबलं. चर्चा नाही, साक्षीदार नाहीत, कारण सांगत नाहीत. तुम्ही लॅपटॉपसमोर बसून आपल्या क्रमांकाची वाट बघता. तो येतो आणि अर्ध्या श्वासात जातो.

तिने त्या विधेयकावर निदान पाच महिने काम केलं असणार. आणि त्या दिवशी रडून झाल्यावर तिने आणखी एक काम केलं असणार, तेही सांगते. ज्या ज्या संस्थांनी पाठिंब्याची पत्रं दिली, जे साक्ष द्यायला आले, त्या प्रत्येकाला फोन करून "आपलं थांबलं" हे एडलाच सांगावं लागतं. माझ्या पहिल्या वर्षी असा एक फोन मी एका वयस्कर गृहस्थांना केला होता. मुलाच्या आजारपणामुळे ते त्या विषयात पडले होते. त्यांनीच माझी समजूत घातली. तो आवाज अजून आठवतो.

दिवसाबद्दल रात्री सविस्तर लिहिते.

गोदातीर
पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ताई, हा वेगळा लेख म्हणून टाका.

धंतोली
मी नागपूरचा. एका आमदारसाहेबांकडे नऊ वर्षं होतो. ताई, 'पीए' म्हटल्यावर लोकांचा चेहरा का बदलते ते मला माहीत आहे, पण त्या शब्दाची लाज बाळगू नका.

आमचा दिवस पाहा. मुंबईत अधिवेशन राहिलं की मुक्काम आकाशवाणी आमदार निवासात. सकाळी सहाला दार उघडलं की बाहेर मतदारसंघातली पाच-सात माणसं उभी. रात्रभर गाडीत बसून आलेली. कुणाच्या बापाला मोठ्या दवाखान्यात भरती करायचं आहे, कुणाच्या पोरीची बदली अडली, कुणाची विहीर मंजूर झाली अन् बिल निघालं नाही. आधी त्यांना चहा, मग त्यांचे कागद. दहाच्या आत साहेबांच्या हातात त्या दिवसाचे प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा असेल तर तो. मग मंत्रालय. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर गेली का, ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवत नव्हतो. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन आलं की घर गावातच, पण घरी जेवायला जाणं होत नव्हतं.

नऊ वर्षांत कितीक कागद लिहिले याचा हिशेब नाही. त्यातला एक सांगतो. आमच्या तालुक्यात एका पुलाच्या कठड्याबद्दल तारांकित प्रश्न लिहिला होता. कठडा झाला. आजही तिथून जाताना मी गाडी हळू करतो.

मुळामुठा
धंतोलीदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी शब्दाची लाज बाळगत होते हे खरं. आता नाही बाळगणार.

डेल्टावारा, वाट बघतेय.

ऑस्टिनकर
आमच्या टेक्सासचं थोडं. इथलं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच नियमित भरतं, विषम वर्षी जानेवारीत, आणि १४० दिवसांत संपतं. राज्यघटनेने ठरवलेला आमदाराचा पगार महिन्याला ६०० डॉलर, त्यामुळे प्रत्येकाचा दुसरा धंदा असतो. कुणी वकील, कुणी डॉक्टर, कुणाची शेती. याचा परिणाम असा की विषयाचा अभ्यास बराचसा स्टाफच्या डोक्यात असतो.

माझी बायको एका अधिवेशनात एका ऑफिसात होती. मे महिन्यात मुदती जवळ आल्या की सभागृह मध्यरात्रीपर्यंत चालायचं. बाराच्या आत ज्या विधेयकाची पाळी आली नाही ते गेलं, म्हणून विरोधक मुद्दाम लांबण लावतात. गॅलरीत बसून घड्याळाकडे बघत राहायचं. मी डबा घेऊन जायचो आणि आम्ही कॅपिटलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, जमिनीखालच्या मजल्यावरच्या बाकावर बसून थालीपीठ खायचो. वर गुलाबी ग्रॅनाइटची ती अवाढव्य इमारत, खाली आम्ही दोघं. आमच्या संसारातले सगळ्यात चांगले डबे ते.

डेल्टावारा
सांगितल्याप्रमाणे दिवस लिहिते. एप्रिलमधला मंगळवार घेते, कारण सभागृह सहसा सोमवारी आणि गुरुवारी बसतं, समित्यांची धावपळ मधल्या दोन दिवसांत असते.

साडेआठला ऑफिस. २०२१ च्या अखेरीस सदस्यांची ऑफिसं कॅपिटलमधून हलली. मागचा १९५२ चा जोडभाग पाडून नवा बांधायचा ठरला, म्हणून आम्ही सगळे ओ स्ट्रीटवरच्या दहा मजली इमारतीत गेलो. सभागृहं मात्र जुन्या घुमटाच्या इमारतीतच राहिली. असेंब्लीचं हिरवं, सिनेटचं लाल. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी रस्ता ओलांडायचा. बूट बसके हवेत, हे तुमच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात शिकलं असेल.

आल्या आल्या 'डेली फाइल' बघायची. त्या दिवशी कुठल्या समितीत कुठलं विधेयक, ते त्यात छापलेलं असतं. तेवढ्यात फोन सुरू. एडने फोन घ्यायचे नाहीत असा नियम छोट्या ऑफिसात चालत नाही. कुणी एखाद्या विधेयकाला विरोध नोंदवतो, नाव आणि पिनकोड लिहून घ्यायचा. कुणाचं लायसन्स अडलेलं असतं, ते मतदारसंघातल्या ऑफिसकडे द्यायचं. कोविडच्या काळात बेरोजगारी भत्त्यासाठी इतके फोन यायचे की विधेयकाचं काम करणारे आम्ही सगळे महिनोन्महिने तेच करत होतो. भाडं थकलेली बाई फोनवर असताना तिला "मी या कामाची नाही" असं म्हणवत नाही.

मग भेटी. प्रत्येकी पंधरा मिनिटं. सदस्य समितीत असतील तर एडच भेटतो. सगळ्या लॉबिस्टांना, म्हणजे विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात सदस्यांचं मन वळवायला येणाऱ्यांना, लोक एका मापाने मोजतात, ते मला पटत नाही. समोर कधी मोठ्या उद्योगाचा पगारी माणूस असतो, कधी नर्सांची संघटना, कधी एकाच रंगाचे टी-शर्ट घालून बसने आलेले पन्नास विद्यार्थी. वही तीच, पेन तेच. 'हे विधेयक का नको' हे सगळ्यात नीट विरोधकच सांगतो, म्हणून मी त्याला जास्त प्रश्न विचारायची. लॉबिस्टाकडून महिन्याला दहा डॉलरपेक्षा जास्त किमतीची भेट घेता येत नाही, हा १९७४ च्या कायद्याचा नियम. कॉफीचे पैसे मी कायम माझे दिले.

दुपारी दीडला आमचं विधेयक समितीत. त्याची तयारी दोन आठवडे आधीपासून. मसुदा आम्ही लिहीत नाही. आम्हाला काय हवंय ते सांगायचं, मग लेजिस्लेटिव्ह कौन्सेल या कार्यालयातले वकील ते कायद्याच्या भाषेत बसवून देतात. दुरुस्ती झाली की काढलेले शब्द खोडलेले दिसतात आणि नवे तिरप्या अक्षरात. समितीचे सल्लागार प्रत्येक विधेयकाचं विश्लेषण लिहितात, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं मी द्यायची. पत्रं गोळा करायची. साक्षीदार शोधायचे. पाठिंब्याचे मुख्य साक्षीदार दोनच, प्रत्येकाला दोन मिनिटं. आयुष्यभराचं दुःख दोन मिनिटांत कसं सांगायचं, याचा सराव आदल्या संध्याकाळी फोनवर करून घेतलेला असतो. त्यांच्यानंतर रांग. रांगेतल्या प्रत्येकाने नाव, संस्था आणि बाजू एवढंच सांगायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथे हजर असलेल्यांचं बहुमत चालत नाही, एकूण सदस्यसंख्येचं लागतं. सभागृहातही तसंच. असेंब्लीत ८० पैकी ४१, सिनेटमध्ये ४० पैकी २१. म्हणजे जो सदस्य मत देत नाही त्याने विरोधात दिल्यासारखंच. सदस्य एकाच वेळी दोन-तीन समित्यांवर असतात, त्यामुळे मतदान खुलं ठेवतात, म्हणजे लगेच बंद करत नाहीत, आणि आपल्या बाजूचा माणूस दुसऱ्या खोलीत बसलेला असतो. मग मी पळायची. त्यांच्या स्टाफला मेसेज, खोलीच्या दाराशी उभं राहायचं, ते बाहेर आले की "सर, आमचं एक मत कमी आहे." त्या मंगळवारी शेवटचं मत संध्याकाळी पावणेसहाला पडलं. साक्षीदार बाई तोवर बाकावर बसून होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन नुसती मान हलवली आणि त्यांनी माझा हात धरला.

सहानंतर दुसऱ्या दिवशीची तयारी. बाकीच्या विधेयकांवर सदस्यांनी काय मत द्यावं याची टिपणं. प्रत्येकाचं विश्लेषण वाचायचं, पाठिंबा कुणाचा, विरोध कुणाचा, आपल्या मतदारसंघात काय फरक पडेल, ते एका पानात. आठला बाहेर पडलं की उन्हाळ्यात डेल्टाकडून, म्हणजे नदीमुखाच्या प्रदेशाकडून, गार वारा येतो. माझ्या आयडीचं नाव त्यावरूनच.

गोदातीर
तो हात धरल्याचा भाग वाचून थांबले होते थोडा वेळ.

कायदाकानू
फार सुंदर प्रतिसाद. पण धंतोलीदादांच्या आणि डेल्टावारांच्या कामात एक मोठा फरक आहे, तो नोंदवतो.

कॅलिफोर्नियात प्रत्येक विधेयक कुठल्या ना कुठल्या सदस्याचं किंवा समितीचं असतं. गव्हर्नर स्वतः विधेयक मांडू शकत नाही. म्हणून प्रत्येक सदस्याला कायदा घडवणारी माणसं लागतात. आपल्याकडे जवळजवळ सगळे कायदे सरकार आणतं, मसुदा विधी व न्याय विभागात होतो. आमदाराचं अशासकीय विधेयक मंजूर होणं ही दुर्मीळ गोष्ट. त्यात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, पक्षाचा व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. मग एका मतासाठी कॉरिडॉरमध्ये पळायला एड हवाच कशाला? मत आधीच ठरलेलं आहे. त्यामुळे आपला पीए सेवेत मोठा झाला, कायद्यात नाही. दिल्लीत खासदारांसाठी २०१० पासून 'लॅम्प' फेलोशिप आहे, तरुण मुलं जवळपास वर्षभर खासदारासोबत संसदीय काम करतात. तसं राज्यात खोलवर रुजायला हवं.

धंतोली
कायदाकानू, व्हिपचं तुमचं बरोबर आहे. पण 'कायद्यात नाही' हे मानणार नाही. तारांकित प्रश्न हे आयुधच आहे. उत्तर सभागृहात द्यावं लागते, खोटं दिलं तर हक्कभंग येतो. एक प्रश्न नीट लिहायचा म्हणजे शासन निर्णय वाचा, तारखा काढा, गावात जाऊन खातरजमा करा. मंत्र्याला "अंशतः खरे आहे" म्हणून निसटता येणार नाही असं वाक्य रचणं, हा अभ्यासच आहे. तो शिकवणारं कुणी नव्हतं. एका निवृत्त कक्ष अधिकाऱ्यांनी मला जवळ बसवून शिकवलं.

पर्वरीकर
"अंशतः खरे आहे" वाचून हसलो. ते लिहिणारा मी होतो. दादा, तुमच्यासारख्याने प्रश्न लिहिला की आम्हाला खरंच फाइल उघडावी लागायची, आणि त्यात माझं समाधान होतं.

कायदाकानू
मान्य. 'कायद्यात नाही' हे मी मागे घेतो.

निळाई
डेल्टावारांनी रांगेबद्दल लिहिलं, म्हणून माझा अनुभव. २०२३ साली मी एसबी (सिनेट बिल) ४०३ साठी सॅक्रामेंटोला गेले होते. जातीवरून भेदभावाला स्पष्ट बंदी घालणारं सिनेटर आयेशा वहाब यांचं विधेयक. जुलैत ते असेंब्लीच्या न्यायविषयक समितीपुढे होतं. पहाटे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून निघालो. कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंचे शेकडो लोक. रांगेत मराठी ऐकू येत होती, माझ्या बाजूने आणि विरोधी बाजूनेही.

माझ्या आजोबांना गावात पाणी वरून ओतून मिळायचं. ते सांगायला दोन मिनिटंही नव्हती, कारण मी मुख्य साक्षीदार नव्हते. नाव, शहर, "पाठिंबा", एवढंच. तरी माइकपाशी उभी राहिले तेव्हा पाय कापत होते. बाहेर आल्यावर कोपऱ्यात बसले होते तर गळ्यात ओळखपत्र असलेली एक तरुण मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली. म्हणाली, तुमचं नाव नोंदलं गेलंय. ती कुणाच्या ऑफिसातली होती मला माहीत नाही. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला. सध्याच्या कायद्यात हे आधीच येतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ती बाटली आणि ते वाक्य मात्र लक्षात राहिलं.

फ्रीमाँटवाला
मी त्या दिवशी दुसऱ्या रांगेत होतो. एकाच समाजाकडे बोट दाखवलं जाईल अशी भीती मला वाटत होती, म्हणून विरोध नोंदवला. निळाई, तुमच्या आजोबांचं वाचलं. त्या कॉरिडॉरमध्ये आपण एकमेकांशी बोललो नाही, याचं वाईट वाटतं.

एडबद्दल सांगायचं तर, आधीच्या आठवड्यात मी एका सदस्याच्या ऑफिसात भेट मागितली होती. पंचविशीचा एक मुलगा वही घेऊन बसला. मी जे जे बोललो ते त्याने लिहून घेतलं, शेवटी वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुमचं म्हणणं मी बरोबर मांडलंय ना?" त्या सदस्याने मत विधेयकाच्या बाजूने दिलं. तरी त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही.

निळाई
फ्रीमाँटवाला, मतभेद कायम. पण लिहिलंत हे बरं केलंत. व्यक्तिगत निरोप पाठवते, बोलू.

मक्याचं_शेत
आयोवातून नमस्कार. आमच्याकडे नागपुरात जन्मलेल्या स्वाती दांडेकर २००२ मध्ये आयोवाच्या हाउसवर, म्हणजे खालच्या सभागृहावर, निवडून आल्या, पुढे राज्याच्या सिनेटमध्येही गेल्या. आणि मिशिगनमध्ये बेळगावचे श्री ठाणेदार आधी लान्सिंगच्या राज्य विधिमंडळात होते, मग २०२३ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. ताई, तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

अवांतर: इथल्या राजधानीतल्या, डे मॉइनमधल्या, विधिमंडळाचा सोनेरी मुलाम्याचा घुमट हिवाळ्यात बर्फावर बघावा. इथलं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, तेव्हा अंगावर तीन थर असतात.

ऑस्टिनकर
ठाणेदारांच्या ऑफिसात पोहे मिळत असतील तर मी मिशिगनला यायला तयार आहे.

सह्यकडा
मला मुळामुठाताईंना एक काळजीची गोष्ट सांगावीशी वाटते. माझी भाची एका दुसऱ्या राज्याच्या विधिमंडळात होती. कामाला वेळ नाही, नोकरीला हमी नाही. सदस्य हरला, की स्टाफची नोकरी गेली. वरिष्ठाची वागणूक चांगली नव्हती आणि तक्रार कुठे करायची तेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. दीड वर्षात सोडलं. कामावर तिचं प्रेम होतं, म्हणून जास्त त्रास झाला. मुलीला हे विचारा.

डेल्टावारा
सह्यकडा, तुमच्या भाचीबद्दल वाचून वाईट वाटलं. हे खरं आहे आणि लपवू नये.

सॅक्रामेंटोत ऑक्टोबर २०१७ मध्ये १४० हून जास्त महिलांनी खुलं पत्र लिहून तिथल्या राजकारणातल्या लैंगिक छळाबद्दल जाहीर सांगितलं. २०१८ च्या सुरुवातीला विधिमंडळाच्या कर्मचाऱ्यांना तक्रार केल्याबद्दल संरक्षण देणारा कायदा झाला. त्याआधी इतर सरकारी कर्मचाऱ्यांना जे होतं ते यांना नव्हतं. आणि २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना युनियन करू देणारा कायदाही झाला, अंमल २०२६ पासून. कायदे करणाऱ्या घरात काम करणाऱ्यांना स्वतःसाठी कायदा मिळायला इतकी वर्षं लागली, याचा मला राग आहे.

ताई, तिला एवढंच विचारा: तुझ्या ऑफिसची चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे स्टाफची प्रमुख, कशी आहे? सदस्यापेक्षा त्या व्यक्तीवर दिवस कसा जातो ते ठरतं. माझी चांगली होती. सस्पेन्सच्या दिवशी तिने सगळ्यांना चारलाच घरी पाठवलं होतं आणि फोन स्वतः घेत बसली होती.

मुळामुठा
विचारलं. म्हणाली, "आई, तुला हे कुणी शिकवलं?" मग तासभर बोलली. तिची चीफ ऑफ स्टाफ पन्नाशीची आहे, हिला 'आधी जेव' म्हणते. माझा जीव भांड्यात पडला.

आणि डेल्टावारा, तुमचं बरोबर होतं. त्या दिवशी तिने अकरा फोन केले होते.

मुळामुठा
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्यांचं दुसरं एक विधेयक असेंब्लीत पास होऊन सिनेटच्या समितीत गेलं होतं. तिने सांगितलं, थेट प्रक्षेपण असतं. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले रात्रीचे दहा. हे आणि मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून बसलो. आमचा क्रमांक यायला साडेबारा झाले. हे पेंगले होते, त्यांना हलवून उठवलं.

सदस्य उभ्या राहून बोलल्या. त्यांच्या मागे, जरा डावीकडे, आमची मुलगी. मांडीवर फाइल. समितीतल्या एकांनी काहीतरी आकडा विचारला. सदस्य क्षणभर थांबल्या, आणि हिने मागून एक कागद पुढे सरकवला. पडद्यावर फक्त तिचा हात दिसला, मनगटावर आजीचं जुनं घड्याळ. सदस्यांनी कागद बघून उत्तर दिलं. मग म्हणाल्या, आपलं होकारार्थी मत द्यावं अशी आदरपूर्वक विनंती. लगेच मतं पुरी पडली नाहीत. अध्यक्ष म्हणाले, मतदान खुलं ठेवतो. मी ह्यांना म्हटलं, आता ती पळणार. आणि खरंच, खुर्ची रिकामी झाली!

पहाटे साडेतीनला तिचा मेसेज आला. नुसता अंगठा.

धंतोली
अभिनंदन ताई. पोरीला सांगा, नागपूरहून एका पीएचा नमस्कार.

ऑस्टिनकर
मनगटावरच्या घड्याळासाठी +१.

डेल्टावारा
ताई, वाचून फार आनंद झाला. आता ते सिनेटच्या अप्रोप्रिएशन्सकडे जाईल. तिथे मर्यादा आणखी कमी आहे, जनरल फंडातून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून, पन्नास हजार डॉलर लागणार असले तरी सस्पेन्स.

मुळामुठा
म्हणजे ऑगस्टमध्ये परत तेच.

मी ऑगस्टमध्ये तिथेच असणार आहे, तिकीट काढलंय. सभागृहाच्या गॅलरीत बाहेरच्या माणसाला बसू देतात का?

डेल्टावारा
देतात, गॅलरी सगळ्यांना खुली असते. सुरक्षा तपासणीतून जावं लागतं. बाहेर ऊन चाळिशीला टेकलेलं असेल पण आत एसी फार, स्वेटर न्या. शेवटच्या आठवड्यात सभागृह रात्री उशिरापर्यंत चालतं, तिला घरी यायला किती वाजतील सांगता येणार नाही. ऑस्टिनकरांसारखा डबा करून न्या. अकराच्या सुमारास दोन मिनिटं तरी ती खाली येईल.